पहिले वर्ष घराजवळ, पुढची तीन पुण्याकडे: एका पालकाचा अभिप्राय

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत माझी दोन लेथ आणि एक मिलिंग मशीन एवढीच शेड आहे. नवे टूल घेतले की ते चार महिने वापरल्याशिवाय त्याच्याविषयी बरेवाईट बोलायचे नाही, ही तिथली सवय. म्हणून मुलाच्या अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाविषयीही ते वर्ष संपून, तो पुण्याजवळच्या एका विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला जाऊन, तिथलेही एक सत्र पार पडल्यावरच लिहायला बसलो आहे. ज्या कॉलेजविषयी हे लिहितो आहे ते सांगलीपासून एस.टी.ने पाऊण तासावर आहे, खासगी आणि विनाअनुदानित आहे. त्याचे नाव मुद्दाम देत नाही, कारण तिथे जे चांगले दिसले ते दोन-तीन शिक्षकांचे होते आणि जे वाईट दिसले तसे इतर कॉलेजांतही घडते, असे नातेवाइकांकडून आणि शेडवर येणाऱ्या गिऱ्हाइकांकडून वारंवार कानावर येते.

सांगलीत इंजिनिअरिंगचा विषय निघाला की पहिले नाव विश्रामबागेतल्या वालचंदचे येते. १९४७ मध्ये सुरू झालेले आणि १९५५ पासून वालचंद हिराचंद यांचे नाव लावणारे हे कॉलेज. त्याच्या फाटकासमोरून सायकलवर कामाला जाताना आत डोकावण्यापलीकडे माझा त्याच्याशी संबंध आला नाही, पण मुलाने तिथे शिकावे ही इच्छा मात्र तेव्हापासूनची. शेजारी कराडला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, तेही १९६० पासूनचे. या दोन्ही ठिकाणी मेकॅनिकलची जागा मिळावी एवढे पर्सेंटाइल त्याला सीईटीत, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेत, पडले नाही. दोनशे गुणांच्या त्या परीक्षेत शंभर गुण एकट्या गणिताचे असतात आणि पन्नास प्रश्नांना नव्वद मिनिटे मिळतात. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नसूनही त्याच्याकडून शेवटचे दहा-बारा प्रश्न वाचायचेच राहिले. एक वर्ष थांबून पुन्हा सीईटी द्यायची, लगेच पुण्याकडच्या विद्यापीठात पैसे भरून मोकळे व्हायचे, की पहिले वर्ष घरून काढून दुसऱ्या वर्षाला हलायचे, असे तीन रस्ते समोर होते. आम्ही तिसरा धरला.

तो धरण्यामागे पैशाचा हिशेब होता, हे लपवण्यासारखे नाही. विनाअनुदानित कॉलेजचे शुल्क राज्याचे शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देते, त्यामुळे निदान आकडा कागदावर आधी पाहता येतो. खरा फरक पडतो तो खोली, मेस आणि येण्याजाण्याचा. पुण्याकडे राहण्याजेवणाचे महिन्याला दहा हजारांच्या खाली कोणी बोलत नव्हते, म्हणजे दहा महिन्यांचे लाखभर रुपये. इकडे एस.टी.चा विद्यार्थी पास आणि आईच्या हातचा डबा. त्या लाखात माझ्या जुन्या लेथचे बेड घासून घेण्याचे काम झाले, आणि मुलगा सतरा वर्षांचा असताना एकदम लांब गेला नाही, याचे समाधान त्याच्या आईला झाले ते वेगळेच.

मुळात असे मधूनच हलता येते ते कशामुळे, हे मलाही आधी ठाऊक नव्हते. अभियांत्रिकीच्या चार वर्षांची पदवी साधारण १६० क्रेडिटची असते (क्रेडिट म्हणजे तासांवरून ठरणारे विषयाचे वजन) आणि त्यातला पाव हिस्सा पहिल्या वर्षाचा असतो. शाखा मेकॅनिकल असो, सिव्हिल असो की कॉम्प्युटर, पहिल्या वर्षी गणिताचे दोन पेपर, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, ड्रॉइंग, मेकॅनिक्स, थोडे इलेक्ट्रिकल, थोडे प्रोग्रामिंग आणि वर्कशॉप असेच विषय बहुतेक ठिकाणी असतात. निम्म्या तुकड्या पहिल्या सत्रात फिजिक्स ग्रुप घेतात, निम्म्या केमिस्ट्री ग्रुप, आणि दुसऱ्या सत्रात अदलाबदल होते. सगळीकडे पाया एकच आहे असे धरूनच दुसऱ्या वर्षाला कॉलेज किंवा विद्यापीठ बदलण्याची वाट ठेवलेली आहे. तो पाया खरोखर एकच असतो का, याचे उत्तर आम्हाला पुढच्या जुलैत मिळाले.

आधी ज्यासाठी या कॉलेजला मी मनापासून गुण देईन त्याविषयी लिहितो, आणि ते म्हणजे तिथले ड्रॉइंग. ते शिकवणारे सर पन्नाशीच्या पुढचे असून शिकवण्याआधी काही वर्षे कारखान्यात काम करून आलेले आहेत. पहिल्या आठवड्यातच त्यांनी मुलांना प्रत्येक शीटच्या उजव्या कोपऱ्यात प्रोजेक्शनचे चिन्ह, म्हणजे ते कापलेल्या शंकूचे छोटे चित्र, काढायची सक्ती केली आणि ते नसेल तर बाकीचे कितीही सुबक असले तरी शीट तपासायची नाही, असे जाहीर करून टाकले. मुलगा घरी येऊन कुरकुरला, ‘‘पप्पा, एवढ्याशा चिन्हासाठी पुन्हा अख्खी शीट काढायला लावली.’’ मी काही बोललो नाही. शेडच्या कपाटातून एक फ्लँज, म्हणजे दोन भाग जोडण्याची लोखंडी चकती, काढून त्याच्यापुढे ठेवला.

त्या फ्लँजची गोष्ट अशी. आपल्याकडे फर्स्ट अँगल पद्धतीने काढतात. तिच्यात वरून दिसणारे चित्र समोरच्या चित्राच्या खाली येते आणि डावीकडून दिसणारे उजवीकडे काढले जाते. अमेरिकेकडची ड्रॉइंग थर्ड अँगलमध्ये असतात आणि तिथे वरचे वर, डावीकडचे डावीकडेच राहते. काही वर्षांपूर्वी निर्यातीच्या एका कामाचे ड्रॉइंग हातात आले, कोपऱ्यातले चिन्ह पाहायचे राहून गेले आणि चाळीस नगांत चावीचा गाळा चुकीच्या बाजूला पडला. माल भंगारात गेला, मटेरियल माझ्या खिशातून भरून द्यावे लागले आणि ते गिऱ्हाईकही पुन्हा आले नाही. चाळिसातला एक नग मी ठेवून घेतला आहे. मुलाने तो उलटसुलट फिरवून पाहिला आणि त्या रात्री कोणी न सांगता शीट नव्याने लावली. वर्गातल्या शिक्षकाने सांगितलेली गोष्ट आणि बापाच्या धंद्यात बसलेला फटका यांची अशी गाठ पडणे हे नशिबाचे, पण सरांनी त्या चिन्हावर अडून बसणे हे त्यांच्या समजेचे लक्षण होते.

याच विषयात जीटी नावाचा प्रकार चालतो आणि तो पालकांना माहीत असलेला बरा. काचेखाली दिवा लावायचा, काचेवर दुसऱ्याची पूर्ण झालेली शीट ठेवायची, तिच्यावर आपला कोरा कागद चिकटवायचा आणि उजेडात दिसणाऱ्या रेषा गिरवायच्या, याला मुले ग्लास ट्रेसिंग म्हणतात. सबमिशनच्या आदल्या रात्री आमच्याही घरी जेवणाच्या टेबलाची काच गायब झाली होती. पण हे सर ओरलच्या वेळी हातात लाकडी ठोकळा देत, तो वळवून धरत आणि ‘‘आता साइड व्ह्यू काढून दाखव’’ म्हणत, त्यामुळे गिरवलेल्या शीटचा निकाल पाच मिनिटांत लागे. मुलाला दोन शीट पुन्हा काढाव्या लागल्या. त्या गिरवलेल्याच होत्या, हे त्याने पुण्याला गेल्यावर कबूल केले.

वर्कशॉपबाबत मत इतके सरळ देता येत नाही. यंत्रे जुनी पण धडकी होती, कानशी मात्र इतक्या घासलेल्या की त्यांनी लोखंड कापण्याऐवजी चकचकीत व्हायचे. पहिल्या वर्षी फिटिंग, सुतारकाम, पत्राकाम आणि वेल्डिंग असे चार जॉब करायचे असतात. फिटिंगमध्ये सहा मिलिमीटर जाडीच्या दोन पट्ट्या एकमेकींत बसवायच्या असतात. त्याला मुले आणि शिक्षक सारेच मेल-फीमेल जॉब म्हणतात. मुलाने तो घरी आणला तेव्हा मी तो खिडकीकडे धरून पाहिला, तर एका बाजूने उजेडाची बारीक रेघ दिसत होती आणि दुसऱ्या बाजूने काहीच दिसत नव्हते, म्हणजे गुण्या लावून काटकोन तपासण्याआधीच कानस चालवली होती. तरी तो जॉब त्याचा स्वतःचा होता, यातच मला आनंद वाटला. कारण दर नोव्हेंबरात दोन-चार मुले मोटारसायकलवरून शेडवर येऊन ‘‘काका, फिटिंगचा जॉब तयार मिळेल का?’’ म्हणून विचारतात, आणि तो जिथे मिळतो अशा शेडही वसाहतीत आहेत. या कॉलेजातल्या निदेशकांनी प्रत्येक पट्टीवर पहिल्याच दिवशी हजेरी क्रमांकाचा ठसा मारून ही वाट बरीच बंद केली होती. कानशी नव्या घेण्याची शिफारस मी पालकसभेत दोनदा केली; दुसऱ्या वेळी ती इतिवृत्तात लिहिली गेली.

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतला एक प्रसंग सांगण्याजोगा आहे. पाण्याचा जडपणा काढण्याचा प्रयोग सगळीकडेच असतो; पाण्यात सूचक टाकले की ते वाइनसारखे लाल होते आणि वरून ब्युरेट नावाच्या मापाच्या नळीतून ईडीटीए या रसायनाचे द्रावण थेंब थेंब सोडत गेले की एका थेंबाला निळे पडते. तिथल्या मॅडमनी बाटलीतले तयार द्रावण न देता प्रत्येकाला आपापल्या घरचे पाणी आणायला सांगितले. मुलाने एक बाटली नळाची आणि एक आमच्या शेडवरच्या बोअरची नेली. पिण्याच्या पाण्यात जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा, असे भारतीय मानक सांगते. बोअरचे पाणी त्या सहाशेच्याही पुढे गेले. मशीनवर कापताना थंडाव्यासाठी सोडायचे कूलंटचे तेल बोअरच्या पाण्यात कालवले की चार दिवसांत वर तवंग येतो आणि कामाला गंज धरतो, याला मी आजवर तेलवाल्याला दोष देत होतो. जड पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम तेलाचे दूध फोडते, हे पोराने मला ब्युरेटच्या आकड्यांसह समजावले. तेव्हापासून कूलंटसाठी नळाचे पाणी साठवतो.

गणिताला मात्र मी उत्तीर्णही करणार नाही. एका वर्षात तीन शिक्षक बदलले, तिघेही तासिका तत्त्वावर नेमलेले, आणि त्यांपैकी एक तर दिवाळीनंतर परत आलेच नाहीत. मॅट्रिक्सचा रँक, आयगेन व्हॅल्यू, केली-हॅमिल्टनचा प्रमेय, अंशतः अवकलन हे सगळे फळ्यावर उतरले आणि वहीत गेले. ते कशासाठी आहे हे कोणी सांगितले नाही. दोष त्या शिक्षकांना देण्याची इच्छा होत नाही, कारण तासावर पैसे घेणारा माणूस दुसरीकडे महिन्याचा पगार मिळाला की जाणारच. पण या विषयाचे वजन पालकांनी ओळखायला हवे. सत्राचा एसजीपीए काढताना प्रत्येक विषयाच्या ग्रेडचा आकडा त्याच्या क्रेडिटने गुणतात, सगळ्यांची बेरीज करतात आणि एकूण क्रेडिटने भागतात. त्यामुळे चार क्रेडिटच्या गणितात एक ग्रेड घसरली तर एक क्रेडिटच्या वर्कशॉपमध्ये चार ग्रेड वर चढावे तेव्हा ते भरून निघते. दुसरीकडे प्रवेश मागताना हाच आकडा पहिल्यांदा पाहतात. आम्ही जानेवारीत विश्रामबागेत खासगी शिकवणी लावली, आणि वाचवलेल्या पैशातले काही तिथे गेले.

बाकी विषयांविषयी थोडक्यात. प्रोग्रामिंगच्या प्रयोगशाळेत एका संगणकावर दोघे बसत, एक टाइप करी आणि दुसरा बघे. भौतिकशास्त्र ठीक होते. ग्रंथालय सायंकाळी पाचला बंद होई, आणि शेवटची सोयीची गाडी साडेपाचला असल्याने त्याची फारशी तक्रारही करता आली नाही. एस.टी.च्या प्रवासात रोज दीड तास जातो, हा या पर्यायाचा खर्च आहे आणि तो रुपयांत मोजता येत नाही.

आता बदलीचा भाग, ज्यासाठी खरे तर हा सगळा खटाटोप होता. पुण्याकडच्या विद्यापीठाची पहिली अट ही की दोन्ही सत्रांत एकही विषय मागे राहिलेला नसावा. पुढच्या वर्गात जाताना एटीकेटी, म्हणजे राहिलेला विषय नंतर सोडवण्याची सवलत, चालते, बदलीला चालत नाही. दुसरी अट म्हणजे त्या शाखेच्या दुसऱ्या वर्षाला रिकामी जागा हवी, आणि ती किती असेल हे त्यांच्याकडचे पहिल्या वर्षाचे निकाल लागल्याशिवाय कोणीच सांगू शकत नाही. तिसरी अट अभ्यासक्रमाच्या जुळणीची. प्रत्येक विषयाचा अधिकृत अभ्यासक्रम, त्याचे क्रेडिट आणि तासांची संख्या, तीही कॉलेजच्या सही-शिक्क्यासह, त्यांच्या समितीपुढे ठेवावी लागते. इथे तो ‘सगळीकडे पाया एकच’ हा समज कोसळला. इकडे प्रोग्रामिंग सी भाषेत झाले होते, तिकडे पायथन होते. इकडे गणितातले लाप्लास रूपांतर दुसऱ्या वर्षाला होते, तिकडे ते पहिल्याच वर्षी शिकवून झाले होते. ड्रॉइंग आणि वर्कशॉप जसेच्या तसे धरले गेले. गणिताचा दुसरा पेपर आणि प्रोग्रामिंग मिळून दोन विषय दुसऱ्या वर्षासोबत जादा द्यावे लागतील, अशा अटीवर प्रवेश मिळाला. हे आम्हाला जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात कळले. दोन्हीकडचे अभ्यासक्रम आदल्या वर्षीच्या जूनमध्येही संकेतस्थळांवर होते आणि शेजारी शेजारी ठेवून वाचले असते तर ते बारा महिने आधी कळले असते. ही चूक कॉलेजची नाही, माझी आहे.

कॉलेजच्या कार्यालयाची चूक वेगळी. मुलगा टीसी मागायला गेला तेव्हा खिडकीवरच्या बाईंनी त्याला सांगितले, ‘‘जागा तुमच्यामुळे रिकामी राहणार, तेव्हा दुसऱ्या वर्षाची फी भरा, मग दाखला मिळेल.’’ बारावीची मूळ गुणपत्रिकाही प्रवेशापासून त्यांच्याच कपाटात होती. मुलगा हिरमुसून घरी आला. दुसऱ्या दिवशी मी शेड बंद ठेवून गेलो आणि जाताना दोन कागद छापून नेले. एक, अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या मान्यतेच्या नियमपुस्तिकेतले पान, ज्यात प्रवेश सोडणाऱ्या विद्यार्थ्याकडून पुढच्या वर्षांचे शुल्क मागता येणार नाही असे म्हटलेले आहे. आणि दुसरा, मूळ प्रमाणपत्रे अडवून ठेवू नयेत अशी विद्यापीठ अनुदान आयोगाची ऑक्टोबर २०१८ ची अधिसूचना. आवाज चढवावा लागला नाही. बाईंनी कागद आत नेले, वीस मिनिटांनी अधीक्षक स्वतः बाहेर आले आणि ‘‘तुम्ही अर्ज द्या, चार दिवसांत दाखला देतो’’ म्हणाले. चारचे नऊ दिवस झाले, पण पैसे मागितले नाहीत. त्या खिडकीवर दररोज येणाऱ्या, ज्यांच्या घरी छापील कागद नेणारे कोणी नाही अशा मुलांचे काय होत असेल, हा विचार परतीच्या गाडीत मनातून जाईना.

त्या नऊ दिवसांत तिकडे वर्ग सुरू होऊन गेले. विद्यापीठच बदलत असल्याने टीसीखेरीज जुन्या विद्यापीठाचे स्थलांतर प्रमाणपत्रही लागते, ज्याला सगळे मायग्रेशन म्हणतात, आणि त्याचा अर्ज टीसी हातात आल्यावरच पुढे सरकतो. निकालाची छापील गुणपत्रिका तोवर आलेली नव्हती. ऑनलाइन प्रतीवर तात्पुरता प्रवेश देण्याइतका समजूतदारपणा पुण्याकडच्या कार्यालयाने दाखवला. पहिले साडेतीन आठवडे बुडाले. थर्मोडायनॅमिक्सचा पहिला भाग मुलाने खोलीतल्या जोडीदाराच्या वहीवरून काढला.

यात एक गोष्ट मात्र अपेक्षेहून सोपी निघाली. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये अॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स सुरू केली आहे. विद्यार्थ्याच्या नावाने डिजिलॉकरशी जोडलेले खाते असते आणि त्यात त्याने मिळवलेली क्रेडिट जमा होतात, जास्तीत जास्त सात वर्षे टिकतात आणि दुसऱ्या संस्थेत नेता येतात. मुलाच्या खात्यावर पहिल्या सत्राची क्रेडिट वेळेत आली होती. दुसऱ्या सत्राची येण्यासाठी कॉलेजच्या परीक्षा विभागाला तीन वेळा आठवण करावी लागली, कारण प्रवेशाच्या अर्जात त्याचे नाव आधी आडनाव लावून टाइप झाले होते आणि आधारवर ते शेवटी आहे. एवढ्या फरकानेही जुळणी अडते. बँकेच्या पासबुकावरचे नाव आपण तपासून घेतो, तसे हे खातेही पहिल्या महिन्यातच उघडून नाव, जन्मतारीख आणि क्रमांक पाहून घ्यावेत.

माझ्या पुतण्याने दुसरी वाट धरली होती. त्याने दहावीनंतर तंत्रनिकेतनातून तीन वर्षांचा मेकॅनिकल डिप्लोमा केला आणि थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतला. ती वाट नियमांनी आखलेली आहे. तिच्यासाठी जागा राखलेल्या असतात, प्रवेशफेऱ्या होतात, आणि कोणाच्या खिडकीवर विनवणी करावी लागत नाही. ड्रॉइंग आणि वर्कशॉपमध्ये तो माझ्या मुलाच्या दोन पावले पुढे होता. पण पहिल्या वर्षाचे गणित त्याच्या वाट्याला डिप्लोमाच्या मापाचेच आले असल्याने तिसऱ्या सत्रातल्या गणिताने त्याला घाम फोडला आणि एक विषय राहिला. दोघे गणपतीत घरी आले तेव्हा एकाच पुस्तकावर डोके घालून बसले होते: एकाला लाप्लास पहिल्यांदा शिकायचे होते, दुसऱ्याला ते समजण्याआधीचे इंटिग्रेशन.

मुलाचे सध्या बरे चालले आहे. प्रोग्रामिंगचा जादा पेपर पहिल्या फटक्यात सुटला, गणिताचा मे महिन्यात द्यायचा आहे. मशीन ड्रॉइंगच्या तासाला असेंब्ली काढताना तिथल्या मुलांपेक्षा आपला हात जलद चालतो, असे तो सांगतो आणि त्यावर माझा विश्वास बसतो. पाच गुणांत मोजायचे झाले तर शिकवण्याला साडेतीन, त्यातल्या ड्रॉइंगला पाच, आणि कार्यालयाला एक देईन, तोही अधीक्षक बाहेर आले म्हणून. ज्याला चारही वर्षे तिथेच काढायची आहेत त्याला कार्यालयाचा हा अनुभव कदाचित कधी येणारही नाही. एक वर्ष काढून निघायचे असे आधीच ठरलेले असेल, तर मात्र प्रवेशाच्या दिवशी मूळ कागदांच्या बदल्यात पोच मागावी, मूळ कागद पडताळून झाल्यावर परत घ्यावेत, पुढच्या ठिकाणचा अभ्यासक्रम छापून जवळ ठेवावा आणि गणिताचा एकही तास शिक्षक नाहीत म्हणून फुकट जाऊ देऊ नये.

धाकटी यंदा बारावीला आहे आणि तिलाही मेकॅनिकलच हवे आहे. तिच्यासाठी त्याच कॉलेजचा विचार घरात सुरू आहे. मात्र ड्रॉइंगचे सर पुढच्या मेअखेरीस निवृत्त होतात असे ऐकले, म्हणून मागच्या शनिवारी त्यांना फोन केला. ते म्हणाले, ‘‘संस्थेने आणखी दोन वर्षे येता का म्हणून विचारले आहे, अजून उत्तर दिलेले नाही.’’ त्यांचे उत्तर ठरेपर्यंत आम्हीही आमचा पसंतीक्रम पेन्सिलीनेच लिहून ठेवला आहे.